पेशवे पार्क, कात्रज आणि आजीचा नारळ

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिणं झालं नाही. आधी गणपती, मग भातकापणी, मग मागच्या पडवीची कौलं. खरं कारण आळस, पण घरचेही हे वाचतात, म्हणून आधीच कबूल करून टाकतो. :)

लिहायला बसलो तो भाच्यामुळे. २०२५ च्या शेवटी आमच्याकडे सावंतवाडी-बांद्याच्या बाजूला ओंकार नावाचा तरुण टस्कर हत्ती कळपापासून सुटून एकटाच फिरत होता. मध्येच गोव्यात जायचा, परत यायचा. त्याला पकडून बाहेर न्यावं की इथेच जंगलात ठेवावं, हा वाद हायकोर्टापर्यंत गेला. त्याच दिवसांत भाच्याने मला एका निवेदनाचा मसुदा पाठवला. 'सदर हत्तीचे सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करण्यात यावे.' मामा, जरा शुद्धलेखन बघ, एवढीच त्याची मागणी.

शुद्धलेखन ठीक होतं. मी अडलो ते 'स्थलांतर' या शब्दापाशी. हा शब्द मी आयुष्यात दोनदा जवळून पाहिलाय. एकदा पुण्यात, एकदा इथे माणगाव खोऱ्यात. दोन्हीकडे शब्द तोच होता. बाकी काहीच तेच नव्हतं.

आधी पुण्याचं सांगतो.

१९८३ च्या मे महिन्यात आम्ही मालवणहून पुण्याला गेलो, मामेभावाच्या मुंजीला. मे महिन्यात सगळं जग कोकणात येतं आणि आम्ही मात्र घाट चढून वर निघालेलो, त्यामुळे वाडीत आमची थोडी चेष्टाच झाली. रात्रभर एस.टी., फोंडा घाट, उलट्या, कोल्हापूरला चहा. आजीच्या पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ आणि पाच नारळ. 'पुण्याक नारळ गावत नाय?' असं कुणी विचारलं तर ती उत्तरच द्यायची नाही.

मामा पर्वतीच्या पायथ्याशी राहायचा. पहिल्याच पहाटे मी दचकून जागा झालो. लांबून कसला तरी खोल, घशातून ओढल्यासारखा आवाज येत होता. मामा कूस बदलून म्हणाला, "झोप, सिंह आहे." त्या एका वाक्याने मी पुण्याच्या प्रेमात पडलो. ज्या गावात सिंह असूनही माणसं निवांत झोपतात, ते गाव केवढं मोठं असेल!

दुसऱ्या दिवशी पेशवे पार्क. पुणे महापालिकेने १९५३ साली सुरू केलेलं हे उद्यान, सारसबागेला लागून. १९५६ पासून तिथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावायची. रेल्वे न आलेल्या जिल्ह्यातल्या मुलाला तिचं काय वाटलं असेल ते सांगायला नको. (कोकण रेल्वे यायला अजून पंधरा वर्षं होती. माझ्या आयुष्यातली पहिली गाडी फुलराणीच.)

प्राणी पिंजऱ्यांत होते. सरळ लोखंडी गज, खाली फरशी. वाघ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. वळण्याची जागाही ठरलेली. आम्ही मुलं ओरडत होतो. आजी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्येका पाय मोकळे करूक जागा खंय?" मामाला ते थोडं लागलं असावं. पुण्याच्या वतीने.

मग हत्तीण. आजीने पिशवीतून नारळ काढला. मामा 'अगं, अगं' म्हणेपर्यंत तिने तो पुढे केलाही. त्या काळी हे चालून जायचं. हत्तिणीने सोंडेने घेतला, पायाखाली ठेवून अलगद फोडला, खोबरं उचललं. आजीने हात जोडले. "पावलो, गणपतीक नारळ पावलो." पुढे मरेपर्यंत तिने पुण्याची आठवण म्हणून मुंजीतलं काही सांगितलं नाही, हेच सांगितलं.

आता या जागेविषयी थोडं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पुढे वाचनात आलं.

पर्वतीच्या पायथ्याशी प्राणी ठेवायची रीत महापालिकेने सुरू केलेली नाही. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना याच परिसरात होता. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणारा गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक पुणेकर चित्रकार होता. त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. म्हणजे गेंडा गेला, शिकारखाना गेला, पेशवाई गेली आणि चित्राचंही स्थलांतर झालं.

मला त्या चित्रापेक्षा त्या तारखेचं जास्त वाटतं. सवाई माधवराव तेव्हा सोळा वर्षांचे होते. जन्म पुरंदरावर, चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं, भोवती कायम नाना फडणीसांची नजर. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून ते गेले. त्या मुलाला जनावरं पाळायची हौस होती, यावर इतिहासकार काही म्हणोत, मी आपला माझ्यापुरता विचार करत बसतो.

जगात इतरत्रही हेच चाललं होतं. व्हिएन्नाच्या राजवाड्याच्या बागेत १७५२ पासून प्राणी ठेवलेले. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ चं. आपल्या मुंबईची राणीची बाग १८६२ ची. सगळीकडे विचार एकच, की प्राणी दिसला पाहिजे. गज लावायचे ते त्याला आत ठेवायला आणि पाठीमागे भिंत बांधायची ती त्याने लपू नये म्हणून. हे पहिल्यांदा मोडलं हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने, १९०७ मध्ये. त्याने गज काढले आणि खंदक खणला. प्राणी किती लांब उडी मारतो हे बघून खंदकाची रुंदी ठरवली. ही युक्ती आपल्याकडे सगळीकडे पोचायला पाऊण शतक गेलं.

आणि आपल्याकडे ती पोचली ती कायद्याच्या पाठीवर बसून. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच वर्षी नियमही आले. वाघाच्या वा सिंहाच्या जोडीला मोकळं आवार निदान १००० चौरस मीटर. बिबट्याच्या जोडीला ५००. गेंड्याच्या जोडीला २०००. रात्रीची खोली वाघाला निदान पावणेतीन मीटर लांब, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद, तीन मीटर उंच. हे आकडे वाचले तेव्हा मी आपल्या हिशेबाने गुंठे काढले. १००० चौरस मीटर म्हणजे दहा गुंठ्यांना थोडी कमी. वाडीतल्या कुणाच्याही परड्याएवढी जागा. आणि रात्रीची खोली आमच्या न्हाणीघरापेक्षा जरा मोठी. वाघाचं जंगलातलं राज्य अनेक चौरस किलोमीटरचं असतं हे माहीत असलं की दहा गुंठे हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण १९८३ चा तो पिंजरा आठवला की तोच आकडा मोठा वाटायला लागतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, माझा नाइलाज आहे.

पेशवे पार्कात एवढी जागा निघणं शक्यच नव्हतं. एका बाजूला स्वारगेटची गर्दी, भोवती पेठा, दिवाळीत फटाके. तेव्हा प्राणी हलवायचे ठरले ते कात्रजला, आठेक किलोमीटर दक्षिणेला. तिथे नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये सर्पोद्यान उभं केलेलं होतंच. (हेच ते खैरे, १९८० मध्ये ७२ सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिलेले. आमच्या शाळेत हा पराक्रम शिवाजी महाराजांच्या खालोखाल सांगितला जायचा.) त्याला जोडून तळ्याकाठी सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं. ते १९९९ मध्ये लोकांना खुलं झालं. पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले आणि २००५ पर्यंत जुनं प्राणिसंग्रहालय बंद झालं. तिथे आता ऊर्जा उद्यान आहे. फुलराणी मात्र तिथेच राहिली.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. कात्रजचं ते तळं नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधलेलं. तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत यायचं. माणूस आत उतरू शकेल एवढा तो नळ. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. अडीचशे वर्षं ज्या बाजूने पाणी शहरात उतरत आलं, त्याच बाजूला उलटे चढून हे वाघ, अस्वलं आणि हरणं गेली. पेशव्यांच्या बागेतून निघून पेशव्यांच्याच तळ्यावर.

प्राणी हलवणं म्हणजे ट्रक आणि दोर असं आपल्याला वाटतं. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. वाहतुकीची पेटी पिंजऱ्याच्या दाराला लावून ठेवतात. दार उघडं. खाणं रोज थोडं थोडं पेटीच्या आत सरकवतात. काही जनावरं चार दिवसांत आत जातात, काही तीन आठवडे घेतात. ज्या दिवशी ते आपणहून आत जाऊन निवांत खातं, त्या दिवशी दार पडतं. नव्या जागी पोचल्यावरही लगेच मोकळ्या आवारात सोडत नाहीत. आधी रात्रीच्या खोलीत, वासाची आणि माणसांच्या आवाजाची ओळख होईपर्यंत. घाई केली तर प्राणी भिंतीवर आपटतो, खंदकात पडतो, खाणं सोडतो. म्हणजे नवीन पिंजऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग नकाशात दिसतच नाही. तो म्हणजे वेळ. सर्पोद्यानापासून पेशवे पार्क बंद होईपर्यंत एकोणीस वर्षं गेली, तेव्हा वर्तमानपत्रांना ती दिरंगाई वाटली असेल. मला आता तसं वाटत नाही.

२००७ मध्ये मुलाला घेऊन कात्रजला गेलो. मामा बरोबर होता. वाघाच्या आवाराशी आम्ही पाऊण तास उभे. पुढे खंदक, पलीकडे गवत, झाडं, एक पाणवठा. वाघ नाही. मुलगा कंटाळला. मामा तर चिडलाच, "आमच्या पेशवे पार्कात कसा समोर दिसायचा!" शेवटी झुडपाच्या सावलीत एक कान हलला. बस्, एवढंच दर्शन. आजी असती तर तिला आवडलं असतं. पाय मोकळे करायला नव्हे, निदान माणसांकडे पाठ करून झोपायला तरी जागा मिळाली होती.

कात्रज म्हणजे स्वर्ग, असं कुणी समजू नये. मार्च २०२४ मध्ये तिथला एक बिबट्या आवारातून निसटला आणि पकडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जुलै २०२५ मध्ये लाळ-खुरकतीने १६ चितळं गेली. बंद आवारात साथ आली की पळायला वाट नसते. तरी दोन्ही जागा पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, ते स्थलांतर बरं झालं. अरुंदातून ऐसपैस जागेत जाणं होतं ते.

आता दुसरं. हे लिहिताना हात जरा जड होतो, पण निवेदनावरून विषय निघाला तर माझ्या निवेदनाचंही सांगायला हवं.

२००२ मध्ये कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती दोडामार्गात उतरले. आमच्या जिल्ह्याला हत्तीची ओळख गणपतीपुरती. त्यांना मात्र माड, केळी, भात, सगळ्याची ओळख लगेच झाली. काही वर्षांनी त्यांतले काही कुडाळ तालुक्यात माणगाव खोऱ्यात आले. तिथे माझी मावशी दिलेली. हत्ती माड कसा खातो ते मी मावशीच्या बागेत सकाळी पाहिलंय. कपाळाने रेटून आडवा करतो, शेंड्यातला कोवळा गाभा खातो आणि पुढच्या माडाकडे वळतो. तीस वर्षं वाढवलेलं झाड, दहा मिनिटांचा नाश्ता. जिल्ह्यात माणसंही मेली. काका रात्र रात्र डबे वाजवत बसायचे. शहरातून कुणी हत्तींची बाजू घेऊन बोललं की ते शांतपणे म्हणायचे, "हत्ती व्हये तर तुमच्या परड्यात नेऊन बांधा." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात वाडीने निवेदन द्यायचं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून ते मी लिहिलं. 'उपद्रवी हत्तींचा बंदोबस्त करून त्यांचे अन्यत्र स्थलांतर करावे.' अन्यत्र! कुठे, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. अशी निवेदनं त्या खोऱ्यातून कितीतरी गेली असतील, माझ्या एका कागदाने काही झालं असं मला म्हणायचं नाही. पण सही करणाऱ्यांत काका होते आणि लिहिणारा मी.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणले आणि माणगाव खोऱ्यातले तीन रानहत्ती पकडले. गणेश, समर्थ आणि भीम. त्यांना आंबेरी इथे लाकडी ओंडक्यांच्या आवारात ठेवलं. रानातला हत्ती माणसाळवायचा तर ती पद्धतच तशी असते. जाड ओंडके आडवे-उभे, हत्ती जेमतेम वळेल एवढी जागा, सोंड पोचेल तिथे चारा. माहूत बाहेरून बोलत राहतो, आवाजाची सवय करतो.

आम्हीही बघायला गेलो. मावशी, काका, मी. बरीच गर्दी होती. लांबूनच बघायचं होतं. हत्ती डोकं डावीकडे न्यायचा, उजवीकडे आणायचा. पुन्हा डावीकडे. मी पेशवे पार्कातल्या वाघापुढे उभा असल्यासारखा उभा राहिलो. ज्याने काकांचे माड पाडले तो हाच की दुसरा, कळायला मार्ग नव्हता. मावशीच्या पिशवीत नारळ होता. देऊ देणार नाहीत हे तिला माहीत होतं आणि ते बरोबरच होतं. तरी आणला होता. येताना तिने तो तसाच घरी आणला आणि देवाच्या फळीवर ठेवला.

काही महिन्यांत तिघांपैकी दोघे दगावले. कारणांवरून तेव्हा खूप लिहून आलं, त्यात इथे जात नाही. बातमी आली त्या दिवशी काकांचा फोन आला. हत्तींविषयी काही बोलले नाहीत. पाऊस, भात, मावशीचे गुडघे, सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "तो कागद तूच लिवलंस मा रे?"

मी हो म्हटलं. पुढे आम्ही दोघांनी हा विषय काढला नाही. काका २०१९ मध्ये गेले. मागच्या बाजूचे पाच माड त्यांनी पुन्हा लावलेले, ते आता धरायला लागलेत.

केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्येच सांगितलं होतं की प्राणिसंग्रहालयांतले हत्ती तिथून हलवून मोठ्या मोकळ्या शिबिरांत न्यावेत. कारण साधं आहे, हत्तीला रोज काही किलोमीटर चालावं लागतं आणि कुठल्याच बागेत तेवढी वाट नसते. म्हणजे पुण्यातल्या ज्या हत्तिणीला आजीने नारळ दिला, तिच्यासारखीला तिथे ठेवू नये हे कळायला २००९ उजाडलं. आणि जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला जामनगरजवळ वनतारात नेलं, तेव्हा कोल्हापुराकडे लोक रस्त्यावर उतरले, तिला परत आणा म्हणून. एकीकडे नेऊ नका म्हणून मोर्चा, आमच्याकडे न्या म्हणून निवेदन. दोन्ही माणसं प्रेमाने किंवा भीतीने बोलतायत, खोटं कुणीच बोलत नाही. पण दोन्हीकडे बोलणं चालतं ते 'इथून' वर. 'तिथे' काय आहे, किती आहे, तिथे पोचल्यावर पहिले तीन महिने त्याला कोण ओळखीचं असेल, यावर कुणी चहासुद्धा गार होऊ देत नाही.

भाच्याचा मसुदा मी परत पाठवला. हे सगळं त्याला फोनवर सांगायचं जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. मसुद्यात एक वेलांटी सुधारली. 'सुरक्षित ठिकाणी' याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कुठे? किती गुंठे?'

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. 'मामा, माहीत नाही. विचारून सांगतो.' मसुदा अजून त्याच्याकडेच आहे.